रंग गेला म्हणजे चिप जळली?

‘जुना होम कॉम्प्युटर टीव्हीवर काळा-पांढरा दिसला की व्हिडिओ चिप जळली, मशीन भंगारात घाला’ हा मेसेज कोल्हापुरातही वर्षानुवर्षं फिरतोय. शंका येणं साहजिक आहे. रंगच गेल्यावर माणूस काय समजणार?

पण अक्षरं ठळक, स्थिर दिसत असतील तर चिप बहुधा शाबूत असते. कंपोझिट सिग्नलमध्ये, म्हणजे एकाच पिवळ्या पिनेतून येणाऱ्या चित्रात, चित्राचा उजेड वेगळा आणि रंग त्यावर स्वार झालेल्या लहरीत असतो. ही लहर भारत-युरोपातल्या पाल या रंगीत टीव्ही पद्धतीत ४.४३ मेगाहर्ट्झ, अमेरिकी एनटीएससी पद्धतीत ३.५८. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला रंगाची छोटी खूण येते. ती जुळली नाही की टीव्ही रंगच बंद करतो.

आधी मशीन कुठल्या देशाचं ते बघा आणि टीव्हीची कलर सिस्टिम बदला. नव्या टीव्हीत पिवळी पिन कधी कंपोनंटच्या (चित्र तीन केबलींत विभागणाऱ्या जोडणीच्या) हिरव्या भोकात जाते, तेव्हाही चित्र बेरंगच. केबल दुसऱ्याची मागून बघा. एवढ्यावर भागलं नाही, तरच झाकण उघडा. पाल पद्धतीच्या कमोडोर ६४ या जुन्या होम कॉम्प्युटरमध्ये क्रिस्टल (ठरावीक फ्रिक्वेन्सी देणारा भाग) १७.७३ मेगाहर्ट्झचा, म्हणजे रंगलहरीच्या चौपट. जवळचा ट्रिमर (ही फ्रिक्वेन्सी किंचित बदलणारा छोटा भाग) प्लॅस्टिकच्या पेचकसानं केसभर फिरवा. लोखंडी पेचकस जवळ नेला तरी फ्रिक्वेन्सी सरकते. रंग उमटला तर चिप ठीक.