लिंगायत स्वतंत्र धर्माची मागणी (सोलापूर परिसर)

लिंगायत हा हिंदू धर्मातला पंथ की वेगळा धर्म, आणि हे ठरवायचं कुणी, सरकारनं की गळ्यात इष्टलिंग (अंगावर धारण करायचं छोटं लिंग) बांधणाऱ्यानं, हा या मागणीतला मूळ वाद. गाजावाजा कर्नाटकात जास्त झाला, पण सोलापूर, अक्कलकोट, मंगळवेढा या पट्ट्यातही समाज मोठा असल्यानं मुद्दा इथंही जिव्हाळ्याचा आहे.

सोलापूरपुरता वाद सिद्धरामापाशी, म्हणजे ग्रामदैवत सिद्धेश्वरापाशी येऊन थांबतो. काळ बहुधा बाराव्या शतकाचा मध्य, गाव तेव्हाचं सोन्नलिगी. त्यानं तळं खोदलं, ६८ लिंगं स्थापली, ही झाली देवळाची भक्ती, आणि मग संत अल्लमप्रभू त्याला कल्याणला (आजचं कर्नाटकातलं बसवकल्याण) घेऊन गेले आणि बसवण्णांचे भाचे चन्नबसवण्णा यांनी इष्टलिंगदीक्षा दिली, म्हणजे देवळाऐवजी अंगावरच्या लिंगाची उपासना, असं 'शून्यसंपादने' हा कन्नड ग्रंथ सांगतो, म्हणून स्वतंत्र धर्मवाले हा प्रसंग हमखास पुढं करतात. पण हा ग्रंथ संकलित झाला पंधराव्या शतकात. कन्नड कवी राघवांकाचं सिद्धरामचरित्र त्याच्या निदान दोनेक शतकं आधीचं आणि त्यात भर श्रीशैलच्या मल्लिकार्जुनाच्या भक्तीवर आहे. सिद्धरामाच्या वचनांत (छोट्या कन्नड उक्तींत) बसवण्णांबद्दल, म्हणजे महात्मा बसवेश्वरांबद्दल, आदर ठिकठिकाणी दिसतो, मुद्रिका (वचनाच्या शेवटी येणारं सहीसारखं नाव) मात्र 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुन' हीच. तेव्हा दीक्षेच्या कथेला नंतरच्या परंपरेनं आकार दिला असं धरणं जास्त सुरक्षित. पंचाचार्यांना, म्हणजे पाच मूळ आचार्यांना मानणारे वीरशैव आणि बसवण्णांना संस्थापक मानणारे लिंगायत हा भेदही इथूनच तापतो.

कायद्यात गुंता वेगळाच आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५ वीरशैव आणि लिंगायतांना नाव घेऊन हिंदूंत धरतो. अनुसूचित जातींचा १९५० चा आदेश आधी मुख्यतः हिंदूंना लागू होता, १९५६ ला शीख आणि १९९० ला बौद्ध त्यात आले, म्हणजे उद्या लिंगायत वेगळा धर्म ठरला तर त्यातल्या अनुसूचित जातींच्या लोकांची सवलत जाईल, आणि मागणी फेटाळताना केंद्राकडून हेही कारण पुढं आलं. कर्नाटक सरकारनं मार्च २०१८ मध्ये, विधानसभा इलेक्शन तोंडावर असताना, अल्पसंख्याक धर्माची शिफारस केली, ती केंद्रानं त्याच वर्षाअखेर नाकारली. माणसानं काय मानावं हा कलम २५ नं त्याला दिलेला हक्क आहे, इलेक्शनच्या तारखा बघून त्याचा निकाल लावणं योग्य नाही.

सोलापूर लोकसभेची जागा २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. २०१९ ला इथं भाजपकडून वीरशैव मठाधिपती डॉ. जयसिद्धेश्वर शिवाचार्य महास्वामी सुशीलकुमार शिंदे आणि प्रकाश आंबेडकर यांना हरवून निवडून आले. अनुसूचित जातींत मोडणाऱ्या बेडा जंगम जातीचा त्यांचा दाखला जातपडताळणी समितीनं २०२० मध्ये अवैध ठरवला आणि प्रकरण हायकोर्टात गेलं. सोलापूर विद्यापीठाच्या नावावरूनही ओढाताण झाली, लिंगायत समाजातून सिद्धेश्वरांचं नाव पुढं आलं, धनगर समाजाची मागणी अहिल्यादेवींच्या नावाची होती, आणि २०१९ ला अहिल्यादेवींचं नाव लागलं.

जानेवारीतल्या सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत मात्र या वादाला फारशी जागा नसते. सात नंदीध्वज (उंच मानाच्या काठ्या) निघतात, मानकरी वेगवेगळ्या जातींचे, पांढरी बाराबंदी घातलेले भक्त पेलत पेलत ते संमती कट्ट्याशी आणतात, सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता पडतात आणि 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र' ही आरोळी उठते. पुढारीही हजेरी लावतात, इलेक्शनच्या वर्षी जरा जास्तच.

जनगणनेत माणूस जो धर्म सांगेल तोच लिहून घ्यायची सूचना गणकाला असते, त्यामुळं त्या रकान्यात 'लिंगायत' सांगा असा प्रचार समाजातल्या संघटना करतात.