जंतू मारणारं पाणी जंतूंच्या हवाली करण्याआधी

सांडपाणी शुद्ध करण्याची आजची रुळलेली पद्धत १९१४ साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी मांडली. पाण्यात हवा सोडायची, जंतू वाढू द्यायचे आणि घाण त्यांच्याकडून खाऊन घ्यायची. पाणी पुरेसं शुद्ध झालं की नाही हेही जंतूंनाच विचारायचं, असं ब्रिटनच्या शाही आयोगाने १९१२ सालीच ठरवून टाकलं होतं: पाच दिवसांत जंतूंना लागणारा ऑक्सिजन, म्हणजे बीओडी, लिटरला २० मिलिग्रॅमच्या वर नको. माणसांच्या मैल्यासाठी ही व्यवस्था चोख होती. पुढे हीच पद्धत आणि हीच मोजपट्टी औषध कारखान्यांनाही लागली. तिथे जंतूंपुढे वाढलेलं ताट जंतू मारण्यासाठीच बनवलेलं असतं. म्हणून ते पाणी जंतूंकडे देण्याआधी त्यावर रासायनिक पूर्वप्रक्रिया करावी लागते. ही तिची गोष्ट.

भारतात सुरुवातीला हा पेच फारसा जाणवला नाही. पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, ती पेनिसिलिनसाठी. पेनिसिलिन बुरशी आंबवून काढतात. त्यातून निघणारं पाणी साखर, प्रथिनं आणि मेलेल्या बुरशीने दाट असतं, पण जंतूंना ते पचतं. त्यात उरलेलं पेनिसिलिनही तसं नाजूक. अल्कली घातली की त्याच्या रेणूतलं चौकोनी कडं उघडतं आणि औषधाचा दम संपतो.

रासायनिक संश्लेषणाने चित्र पालटलं. आयडीपीएल या सरकारी औषध कंपनीचा हैदराबादचा कारखाना १९६० च्या दशकात सुरू झाला. मग १९७० चा पेटंट कायदा आला, १९७२ मध्ये लागू झाला, आणि औषधाच्या रेणूवरचं पेटंट गेलं. पेटंट उरलं फक्त कृतीवर. वेगळी कृती शोधा आणि तेच औषध बनवा! हैदराबादजवळ पाटणचेरू आणि बोलारामला, इकडे महाराष्ट्रात तारापूर, कुरकुंभ, लोटे आणि महाडला बल्क ड्रगचे, म्हणजे गोळ्यांमधलं मूळ औषध बनवणारे, कारखाने उभे राहिले. स्वस्त औषधांचं श्रेय या पिढीला द्यायलाच हवं. पण सांडपाण्यात आता सॉल्व्हेंट (रसायनं विरघळवणारे द्रव), क्षार आणि अर्धवट घडलेले रेणू येऊ लागले, आणि तेही बॅच बदलली की बदलणारे. कालच्या पाण्यावर पोसलेले जंतू आजच्या पाण्याने मरतात. असं प्लँटमध्ये घडतं तेव्हा ते आधी नाकाला कळतं, मीटरला नंतर.

महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा स्वतःचा कायदा १९६९ मध्ये केला, देशाचा १९७४ मध्ये आला. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याची सर्वसाधारण मर्यादा बीओडी ३० आणि सीओडी २५० अशी ठरली. सीओडी म्हणजे डायक्रोमेट या तीव्र ऑक्सिडीकारकासोबत दोन तास उकळून जे जे जळतं त्या सगळ्याचा हिशोब. हे दोन आकडे शेजारी ठेवले की रोग कळतो. सीओडी भरमसाट आणि बीओडी त्यामानाने किरकोळ असेल, तर घाण आहे पण जंतू तिला तोंड लावणार नाहीत. रासायनिक पूर्वप्रक्रिया ही दरी बुजवायला आली.

तिच्यासाठीचं रसायनशास्त्र तयारच होतं. केंब्रिजच्या हेन्री फेंटन यांनी १८९४ मध्ये दाखवलं होतं की चिंचेत असतं ते टार्टरिक आम्ल हायड्रोजन पेरॉक्साइड आणि किंचित लोहाने झपाट्याने ऑक्सिडाइझ होतं. ही करामत हायड्रॉक्सिल रॅडिकल या अतिशय क्रियाशील, क्षणजीवी कणाची, हा उलगडा १९३० च्या दशकात झाला. सांडपाण्यासाठी वापर त्याच्याही पुढचा. ईटीपीवर, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात, हे असं चालतं: आधी स्ट्रिपर नावाच्या उभ्या नळकांड्यात सॉल्व्हेंट उडवायचं, खारट पाणी वेगळं करून एमईईला, म्हणजे पाणी आटवणाऱ्या यंत्राला, पाठवायचं. उरलेल्या पाण्याचा पीएच आम्ल घालून ३ च्या आसपास आणायचा, हिराकस (लोहाचा क्षार) टाकायची आणि पेरॉक्साइड बेताबेताने सोडायचं. घाई केली तर टाकी तापते आणि फेस वर चढतो. मग चुना. लोखंडाचा तांबूस साका खाली बसताना बरीच घाण सोबत नेतो. पेरॉक्साइड उरलं तर दुहेरी ताप: सीओडीचा आकडा खोटाच वाढतो आणि पुढच्या टाकीतले जंतू मरतात. फिल्टर प्रेसमध्ये दाबून पाणी काढलेला गाळ घातक कचरा ठरतो, तो तळोजा किंवा रांजणगावच्या घातक कचरा केंद्रात जातो. खर्चाचं दुखणं बरंचसं इथेच आहे, आणि तुरटी-चुन्यावर भागवण्याचा मोह होतो तोही इथेच. तुरटीने गढूळपणा बसतो, विरघळलेले रेणू बहुतांशी तसेच राहतात.

सीओडी उतरला म्हणजे औषध गेलं, हा समज पाटणचेरूने मोडला. तिथल्या सामायिक प्रक्रिया केंद्रात सुमारे ९० औषध कारखान्यांचं पाणी येत असे. गोथेनबर्ग विद्यापीठाच्या योआकिम लार्सन यांच्या गटाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत, प्रक्रिया होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक सापडलं. औषध घेतलेल्या रोग्याच्या रक्तातही इतकं नसतं. सिप्रोफ्लॉक्सासिन पेनिसिलिनसारखं अल्कलीने फुटत नाही. शिवाय जंतू तगावेत म्हणून त्या केंद्रात घरगुती मैलापाणी मिसळलं जाई. म्हणजे माणसाच्या आतड्यातले जंतू आणि प्रतिजैविकं एकाच टाकीत, दिवसरात्र. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या संशोधकांनी लार्सन यांच्यासोबत तिथले जंतू तपासले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ८६ टक्के जंतू वीस किंवा अधिक प्रतिजैविकांना दाद देत नव्हते.

त्यानंतर बोलणं सीओडीवरून प्रत्यक्ष औषधाच्या अंशावर आलं. केंद्र सरकारने जानेवारी २०२० च्या मसुद्यात १२१ प्रतिजैविकांच्या मर्यादा घातल्या. ऑगस्ट २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत ती यादी नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रतिजैविकांच्या कारखान्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, पण त्या पाळणं ऐच्छिक आहे. कारखान्यात मात्र एक बदल त्याआधीच सुरू झाला होता: प्रतिजैविकाचं पाणी सगळ्यात मिसळून पातळ होण्याआधी, औषध जिथे बनतं त्या रिॲक्टरजवळच पकडून त्यावर प्रक्रिया करायची. पाणी थोडं, तीव्रता जास्त, त्यामुळे पेरॉक्साइडही कमी लागतं.