आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर आलेले पालक

आघात सोसलेल्या मुलांवर उपचार करताना त्यांच्या आईवडिलांचं, आजीचं किंवा त्यांना सांभाळणाऱ्या कुटुंबाचं म्हणणं ऐकायला हवं, हे आज उघड वाटतं. पण विसाव्या शतकात बराच काळ मुलाच्या मानसिक आजाराचं खापर घरच्यांवर, त्यातही आईवर फुटत असे. १९४८ साली मनोविकारतज्ज्ञ फ्रीडा फ्रॉम-राइशमन यांनी स्किझोफ्रेनियाचा संबंध आईच्या वागण्याशी जोडला. ऑटिझमचा दोषही आईच्या कोरडेपणाला दिला गेला. जिला आधीच दोषी ठरवलंय, तिचं मत कोण विचारणार?

रुग्णालयांतही पालक दाराबाहेरच असत. १९५२ साली ब्रिटनमध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी अडीच वर्षांच्या एका मुलीचा रुग्णालयातला मुक्काम चित्रित केला. आठ दिवस ती रडू आवरत राहते. घरी निघताना आपलं सामान स्वतः उचलते, पण आईचा हात धरत नाही. एवढंसं दृश्य, पण ते पाहिल्यावर ‘मूल शांत आहे, म्हणजे ठीक आहे’ असं म्हणवत नाही. १९५९ मध्ये तिथल्या सरकारने रुग्णालयातल्या मुलांसाठी नेमलेल्या प्लॅट समितीने पालकांना मुलांना भेटण्याची मोकळीक द्यावी, अशी शिफारस केली.

अमेरिकेत १९७९ पासून रुग्णांचे कुटुंबीय संघटित झाले. तरीही हाल संपले नाहीत. २००१ या एका वर्षात १२,७०० हून अधिक मुलांना केवळ मानसिक उपचार मिळावेत म्हणून पालकांनी बालकल्याण किंवा बालन्याय यंत्रणेच्या हवाली केलं होतं. तेही फक्त १९ राज्यं आणि ३० काउंट्यांच्या (जिल्ह्यांसारख्या विभागांच्या) अंदाजानुसार. मूल वाचवायचं तर ते आधी सोडायचं, ही वेळ कुणावरही येऊ नये.

दरम्यान १९९८ साली फेलिट्टी आणि अँडा या अमेरिकी डॉक्टरांच्या अभ्यासाने बालपणीच्या आघातांचा मोठेपणीच्या आजारांशी असलेला संबंध दाखवला. म्हणजे समोर बसलेली आईसुद्धा कधीकाळी तसंच सोसलेलं मूल असू शकते. आघात सोसलेल्यांवर उपचार कसे करावेत, याविषयीच्या २०१४ च्या अमेरिकी सरकारी मार्गदर्शनात सुरक्षितता, विश्वास आणि बरोबरीचा सहभाग ही तत्त्वं आली.

आता सांभाळणाऱ्यांना विचारलं, तर त्यांच्या मागण्या साध्या असतात: दर वेळी नवा समुपदेशक नको, शाळेने कारण समजून घेण्याआधी शिक्षा करू नये. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती एक मागणी: मुलासमोर तीच हकिगत पुन्हा सांगायला लावू नका. ते तिथेच बसून प्रत्येक शब्द ऐकत असतं.