ढीग परतायला माणूस नाही

कंपोस्टवरच्या पुस्तकांतून जगभर इंदूरचं नाव छापलं जातं, पण खुद्द इंदूरकरांना त्याचं फारसं अप्रूप नाही. 1924 ते 1931 या काळात होळकर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ बसवली. ती मांडणाऱ्या 1931च्या पुस्तकावर त्यांचे सहकारी यशवंत वाड यांचंही नाव आहे. काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती, थोडी राख असे थर द्यायचे आणि ढीग तीनदा परतायचा: साधारण पंधरवड्याने, मग महिन्याने, मग दोन महिन्यांनी. परतलं की आत हवा खेळते, जिवाणू पुन्हा जोमाने कामाला लागतात आणि तीन महिन्यांत खत तयार. नाही परतलं, तर ढीग कोंदटून नुसता कुजतो.

मेख या परतण्यातच आहे. ते तरण्या अंगाचं काम, आणि तरणी पोरं आता पीथमपूरच्या कारखान्यांत पाळ्या करतात, नाहीतर इंदुरात डिलिव्हरीच्या गाडीवर असतात. त्यांना नावं कशाला ठेवायची? पगाराची तारीख ठरलेली असते. सोयाबीनच्या भावाचं तसं नाही.

मागे राहतात म्हातारी माणसं आणि बायका. गुरांचं काम रोजचं, म्हणून आधी गुरं विकली जातात. गहू काढायला हार्वेस्टर येतो, तो वरच्यावर कापतो आणि खाली नरवाई, म्हणजे ताटांचे खुंट, उभी राहते. गोठा भरलेला असता तर भुसा करून ठेवला असता. आता काडी लावून ती पेटवतात, आणि ताटांतला कर्ब व बहुतेक नत्र धुरात जातं. हॉवर्ड-वाडांचा कच्चा माल नेमका हाच होता!

माळव्याची काळी माती ओली झाली की फुगून चिकटते, वाळली की भेगाळते. मधला वाफसा, म्हणजे मशागतीजोगा ओलावा, थोड्याच दिवसांचा. सेंद्रिय कर्ब भरपूर असेल तर माती भुसभुशीत राहते आणि हे दिवस वाढतात. कर्ब घटला की कमी होतात. भाड्याचा ट्रॅक्टर नेमका ते दिवस सरल्यावर उगवतो.

पुष्कळांची जमीन मग बटाईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, दुसऱ्याला कसायला जाते. शेणखताचा गुण काही वर्षं मुरत मुरत लागतो, युरियाचा याच हंगामात दिसतो. पुढच्या साली हेच शेत मिळेल याची खात्री नसलेला बटाईदार गाडीभर खत कशाला ओतेल? मध्य प्रदेशात 2016 साली लेखी करारासाठी कायदा झाला. पण करार लिहून दिला तर जमीन हातची जाईल ही मालकाची धास्ती जुनी आहे, त्यामुळे गावात बोलणी अजून तोंडीच होतात, तीही एका सालापुरती.