चुलीचा धूर आणि आरोग्य

लाकडं, गोवऱ्या, पऱ्हाट्या, तुरकाट्या, दगडी कोळसा असलं काहीबाही घरात जाळल्यावर जो धूर होतो त्याला संशोधनात घरगुती हवाप्रदूषण असं भारदस्त नाव आहे. प्रदूषण म्हटलं की आपल्याला दिल्लीचे रस्ते आठवतात, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली या घरातल्या धुराने जगात सुमारे ३२ लाख माणसं वेळेआधी गेली, त्यात हृदयविकार, पक्षाघात, सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होऊन कायमचा दम लागणारा फुफ्फुसाचा जुनाट आजार), फुफ्फुसाचा कॅन्सर आणि लहान मुलांचा न्यूमोनिया. म्हणजे लाइफस्टाइलचे म्हणतात तेच आजार बरेचसे, आणि बाईने आयुष्यात बिडीला हात लावलेला नसतो.

लाकूड धडधडून पेटलं तर धूर कमी, धुमसलं की कार्बन मोनॉक्साइड आणि पीएम २.५ म्हणजे फुफ्फुसात अगदी खोलवर जाणारे बारीक कण जास्त. पावसाळ्यात सरपण ओलं असतं, चूल पेटता पेटत नाही आणि फुंकणी घेऊन तोंड थेट विस्तवापाशी न्यावं लागतं, वर एखादं पोर कडेवर. घरातल्या हवेची सरासरी काढून हे कळत नाही, म्हणून बाईच्या अंगावरच छोटा पंप आणि फिल्टर लावून मोजतात. अमेरिकी संशोधक कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातच्या खेड्यांत असं मोजलं तर स्वयंपाकाच्या वेळी घनमीटरमागे सुमारे ७ मिलिग्रॅम म्हणजे ७००० मायक्रोग्रॅम कण निघाले. आजची पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा भारतात ४० मायक्रोग्रॅम आणि जागतिक आरोग्य संघटनेची ५, हे आकडे थेट जुळवता येत नाहीत कारण गुजरातच्या मापात मोठे कणही आहेत, तरी अंदाज येतो.

सीओपीडी हा सिगारेटवाल्यांचा आजार हा समज मोडायला पुण्याचाही हातभार आहे. तिथल्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं की धूम्रपान करणारे जगात सुमारे १ अब्ज आणि चुलीच्या धुरात राहणारे सुमारे ३ अब्ज, मग मोठं कारण कुठलं ते बघा. निदान मशीनमध्ये जोरात फुंकायला लावून होतं, स्पायरोमेट्री म्हणतात, पण ती झालीच नाही तर बाईला दमा आहे किंवा वयच झालंय म्हणून सोडून देतात.

उपायांचं प्रकरण मात्र सरळ नाही. चीनमधल्या श्वानवेइ भागात धूर सोडणारा दगडी कोळसा जाळायचे, तिथे चुलीला धुराडं बसवलं आणि पुढच्या काही वर्षांत फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका जवळपास निम्म्यावर आला. उलट मलावीत सुधारित चुली वाटून मुलांचा न्यूमोनिया काही कमी झाला नाही. मग थेट गॅसच देऊन बघू म्हणून तमिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडात ‘हापिन’ नावाची चाचणी झाली, सुमारे ३२०० गरोदर बायका, साधारण निम्म्यांना गॅस आणि बाकीच्या चुलीवरच. चूलवाल्यांच्या श्वासातले कण सुमारे ७० मायक्रोग्रॅम आणि गॅसवाल्यांच्या सुमारे २४, म्हणजे धूर खरंच घटला, तरी बाळांच्या वजनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही (२०२२). यावरून गॅस बिनकामाचा असं कोणी म्हणू नये, हा निकाल वजनाचा होता आणि तोही गरोदरपणातल्या काही महिन्यांचा, सीओपीडी व्हायला कित्येक वर्षं लागतात.

भारतात उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला उत्तर प्रदेशातल्या बलियात सुरू झाली आणि ८ कोटीवं कनेक्शन सप्टेंबर २०१९ मध्ये औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) दिलं गेलं. पण कनेक्शन मिळणं वेगळं आणि चूल विझणं वेगळं. चहा, पाहुण्यांचं पटकन काही करायचं ते गॅसवर आणि भाकरी चुलीवर, असं दोन्ही चालू राहतं, कारण सिलेंडर भरायला पैसे लागतात आणि सरपण वेचून फुकट मिळतं. त्यात आंघोळीच्या पाण्याचा बंब किंवा अंगणातली चूल सर्वेक्षणातल्या स्वयंपाकाच्या इंधनाच्या प्रश्नात येतच नाही, त्यामुळे कागदावर गॅसवाल्या झालेल्या घरातही रोज सकाळी धूर असतोच.