व्हर्सायच्या तहावर सही कोणाची?

२८ जून १९१९ रोजी व्हर्सायच्या आरसेमहालात जर्मनीच्या वतीने दोघांनी सह्या केल्या. समाजवादी लोकशाही पक्षाचे परराष्ट्रमंत्री हेर्मान म्युलर आणि कॅथलिकांच्या सेंटर पक्षाचे योहानेस बेल. चार वर्षे पहिले महायुद्ध चालवणाऱ्या सेनापतींपैकी तिथे कोणीही नव्हते. १८७१ मध्ये याच दालनात जर्मन साम्राज्याची घोषणा झाली होती आणि फ्रान्सने जागा मुद्दामच निवडली होती. (हिंदुस्थानच्या वतीनेही तिथे सह्या झाल्या: भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज गंगासिंह यांच्या. शांतता परिषदेसाठी काँग्रेसने ज्यांची नावे सुचवली होती त्यांत टिळक होते, पण त्यांना पॅरिसला जाऊ दिले गेले नाही.)

व्हर्सायच्या अटी जाचक होत्या म्हणून हिटलर आला, असे आपण शाळेपासून ऐकतो. अटी जाचक होत्याच. पण जर्मन राजकारण नासवले ते त्याहून जास्त त्या सह्यांनी, म्हणजे हरले कोण आणि सही कोणाच्या गळ्यात पडली, या प्रश्नाने.

त्यासाठी १९१८ च्या शरद ऋतूत जावे लागते. २९ सप्टेंबरला सरसेनापती हिंडेनबुर्ग आणि खरी सूत्रे हलवणारे लुडेनडॉर्फ यांनीच सरकारला सांगितले की युद्धविरामाची मागणी ताबडतोब करा. त्याच वेळी संसदेतल्या पक्षांना सत्तेत घ्या, असा लुडेनडॉर्फचा आग्रह होता. आपण रांधलेले आता त्यांनी निस्तरावे, हा त्यातला डाव. नोव्हेंबरमध्ये कोंपिएन्यच्या जंगलात रेल्वेच्या डब्यात युद्धविरामाचा करार झाला, तेव्हा जर्मन शिष्टमंडळाचा प्रमुख सैनिक नव्हता. सेंटर पक्षाचे माथियास एर्झबर्गर होते. तोवर कैसर हॉलंडला पळाला होता. सैन्य मात्र परक्या भूमीवरून शिस्तीत परतले आणि घरच्या लोकांना शत्रू डोळ्यांनी दिसलाच नाही. बर्लिनमध्ये परतणाऱ्या तुकड्यांना खुद्द नव्या सरकारचे प्रमुख एबर्ट यांनी ‘तुम्हाला कोणत्याही शत्रूने जिंकलेले नाही’ अशा अर्थाचे शब्द ऐकवले. समाजवादी नेत्याने दिलेली ही पावती उजव्यांनी पुढे चांगलीच वटवली.

मे १९१९ मध्ये तहाचा मसुदा हाती पडला तेव्हा देश हबकला. आल्सास-लोरेन फ्रान्सला, पश्चिम प्रशिया आणि पोझनचा बराचसा भाग पोलंडला, सगळ्या वसाहती गेल्या, सैन्य एक लाखावर, रणगाडे, लढाऊ विमाने आणि पाणबुड्यांना बंदी, ऱ्हाइनकाठी परकी फौज. शिवाय कलम २३१: झालेल्या नुकसानीची जबाबदारी जर्मनी आणि तिच्या साथीदारांवर. कलम भरपाईला कायदेशीर आधार देण्यासाठी लिहिले होते, पण जर्मनांनी ते गुन्ह्याचा कबुलीजबाब म्हणूनच वाचले. अशा बेड्या घालणारा हात झडून का जाऊ नये, असे संतापून विचारणारे पंतप्रधान शायडेमान यांनी जूनमध्ये सही करण्याऐवजी राजीनामाच दिला.

मग आला २३ जून. दोस्त राष्ट्रांची मुदत संध्याकाळी संपत होती. राष्ट्राध्यक्ष एबर्ट यांनी कोलबेर्गच्या लष्करी मुख्यालयाला फोन लावला: नकार दिला तर लढता येईल का? उत्तर काय द्यायचे ते हिंडेनबुर्गना ठाऊक होते. ते खोलीतून बाहेर निघून गेले आणि ‘लढणे व्यर्थ आहे’ हे सांगण्याचे काम जनरल ग्रोनर यांच्यावर पडले. नामानिराळे राहण्याची इतकी चोख कला इतिहासात फार कमी दिसते. पाचच महिन्यांनी, नोव्हेंबर १९१९ मध्ये, हेच हिंडेनबुर्ग संसदीय चौकशी समितीपुढे गेले आणि सैन्याच्या पाठीत खंजीर खुपसला गेला असे तोंड वर करून सांगून आले. १९२५ मध्ये लोकांनी त्यांना राष्ट्राध्यक्ष निवडले.

तिकडे सही करणाऱ्यांना किंमत मोजावी लागली. सैन्य कमी करायचे म्हणून नौदलाची एर्हार्ट ब्रिगेड बरखास्त करण्याचा हुकूम निघाला, तर मार्च १९२० मध्ये तीच बर्लिनवर चालून आली. हे काप्प बंड कामगारांच्या सार्वत्रिक संपाने मोडले. पण जूनच्या निवडणुकीत प्रजासत्ताक उभे करणाऱ्या तीन पक्षांचे बहुमत गेले ते गेलेच. पुन्हा कधी मिळाले नाही. २६ ऑगस्ट १९२१ रोजी ब्लॅक फॉरेस्टमधल्या बाड ग्रीसबाखजवळ एर्झबर्गर सहकाऱ्याबरोबर फिरायला निघाले असताना दोन माजी अधिकाऱ्यांनी त्यांना गोळ्या घातल्या. पुढच्या जूनमध्ये परराष्ट्रमंत्री राथेनाऊ यांचाही खून झाला. एर्झबर्गर यांचे मारेकरी देशाबाहेर निसटले.

पैशाची गोष्ट याहून गुंतागुंतीची. १९२१ मध्ये भरपाईचा आकडा १३२ अब्ज सुवर्णमार्क ठरला, पण त्यातले ८२ अब्ज मुख्यतः कागदावरच राहतील असे हिशेब मांडणाऱ्यांनाही ठाऊक होते. लाकूड आणि कोळशाचे हप्ते चुकले म्हणून जानेवारी १९२३ मध्ये फ्रेंच आणि बेल्जियन फौजा रूऱ्ह या जर्मनीच्या औद्योगिक भागात शिरल्या. त्याविरुद्ध संपावर गेलेल्या कामगारांना सरकारने नोटा छापून पोसले आणि नोव्हेंबरमध्ये एक डॉलर ४.२ लाख कोटी मार्कांना गेला. महागाईचे मूळ खरे तर युद्धखर्च करांऐवजी कर्जरोख्यांतून भागवण्यात होते. पण आयुष्यभराची पुंजी मातीमोल झालेल्या पेन्शनर शिक्षकाला आणि विधवेला कैसरच्या अर्थनीतीचा तपशील कोण सांगणार? खापर व्हर्सायवर आणि सही करणाऱ्यांवर फुटले.

पुढे परराष्ट्रमंत्री स्ट्रेसमान यांनी वाटाघाटींतून बरेच काही परत मिळवले: हप्ते हलके झाले, १९२६ मध्ये राष्ट्रसंघाचे सदस्यत्व आले, १९३० मध्ये ऱ्हाइनलँड मुदतीच्या पाच वर्षे आधी मोकळे झाले. श्रेय मात्र मिळाले नाही. हप्ते आणखी कमी करणाऱ्या यंग योजनेविरुद्ध वृत्तपत्रसम्राट हुगेनबेर्ग यांनी १९२९ मध्ये जनमत मागितले आणि जोडीला हिटलरला घेतले. मतदारांपैकी जेमतेम १४ टक्के त्यांच्या बाजूने आले. मोहीम फसली, पण हिटलरला देशभर व्यासपीठ मिळाले. त्यात मंदीने लाखो लोक बेकार झाले आणि सप्टेंबर १९३० मध्ये नाझींच्या जागा १२ वरून १०७ वर गेल्या.

भरपाई १९३२ च्या लोझान परिषदेत जवळपास संपवली गेली, म्हणजे हिटलर चॅन्सेलर होण्याच्या सहा महिने आधी. १९३३ मध्ये त्याच्या सरकारने माफी जाहीर केली आणि एर्झबर्गर यांचे मारेकरी तिच्यात सुटले.