वीज चमकते आणि वीज पडते

आभाळात कडाड्‌कन आवाज झाला की ‘कुठेतरी वीज पडली’ असं आपण सहज म्हणून टाकतो. बहुतेक वेळा ती पडलेली नसते. बहुसंख्य विजा ढगांतल्या ढगांतच चमकतात, जमिनीपर्यंत येतात त्या थोड्या. आवाज दोन्हींचा होतो, कारण विजेच्या वाटेतली हवा क्षणात सुमारे ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि स्फोट व्हावा तशी फाकते. त्यामुळे गडगडाटावरून फक्त अंतर कळतं: लखलखाट आणि आवाज यांच्यात ३ सेकंद गेले तर वीज साधारण १ किलोमीटरवर.

त्यातही ‘पडणे’ अर्धंच खरं. ढगातून एक अंधूक प्रवाह टप्प्याटप्प्याने, फाटे फोडत खाली उतरतो. जमिनीवरच्या एखाद्या उंच वस्तूतून वर झेपावणाऱ्या ठिणगीशी त्याची गाठ पडली, की डोळे दिपवणारा लोळ खालून वर जातो. पण हे सगळं पापणी लवायच्या आत होतं, म्हणून वर-खाली काही कळत नाही.

बोलण्यात मात्र या दोन क्रियापदांची अदलाबदल खपत नाही. चमकणाऱ्या विजेतून वेग आणि तेज घेतलं जातं. क्षेत्ररक्षक विजेच्या चपळाईने झेल टिपतो, अडलेलं गणित सोडवताना डोक्यात वीज चमकून जाते. ‘चपला’ हे तर विजेचंच एक नाव. पण एखादा खेळाडू ‘विजेसारखा चमकून गेला’ म्हटलं, की कौतुकात ‘टिकला नाही’ ही हळहळही मिसळते.

पडणाऱ्या विजेतून फक्त आघात येतो, तोही अवचित. नोकरी गेल्याचं पत्र हाती पडतं आणि अंगावर वीज कोसळते. लॉटरी लागल्यावर ती कोसळली असं कुणी लिहिलं तर वाचणारा हसेल. महिनोन्‌महिने दिसत असलेल्या संकटालाही हा प्रयोग शोभत नाही. ‘वज्राघात’ याच घरातला: दधीचीच्या अस्थींपासून घडलेल्या इंद्राच्या वज्राचा तडाखा. शोकसंदेशांनी तो इतका झिजवलाय की माझ्या मते त्यात आता धक्का उरलेला नाही. त्यापेक्षा साधं ‘वीज कोसळली’ अजून लागतं.

आवाजाच्या वाट्याला आलं ते ‘कडाडणे’. वडील मुलावर कडाडले म्हणताना विजेचं नावही घ्यावं लागत नाही.